गोव्यातील बहुमत आणि जनमत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

निवडणुकीचा निकाल लागला की वृत्तपत्रे ‘जनतेने कौल दिला’ असे लिहून मोकळी होतात. गोमंतकात ‘कौल’ हा शब्द उच्चारला की मात्र मतपेटीच्या आधी देऊळ आठवते. देवतेच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पाकळी पडते की डावी याची वाट पाहायची, ही येथील जुनी रीत. या रीतीतील एक गोष्ट जाणते लोक कटाक्षाने पाळतात. देवापुढे एका वेळी एकच प्रश्न मांडायचा आणि तोही असा की त्याचे उत्तर होय किंवा नाही असेच यावे. दोन प्रश्न एकत्र करून विचारले तर पाकळी पडेल, पण ती कोणत्या प्रश्नासाठी पडली हे कोणालाच सांगता येणार नाही.

विधानसभेच्या निवडणुकीत नेमके हेच घडते. मतदार एका चिन्हाला एक मत देतो. त्या एका मतात उमेदवाराची माणूस म्हणून पारख असते, पक्षाची आवड किंवा चीड असते, जातीचा आणि गावकीचा विचार असतो, घरजमिनीची चिंता असते, आणि एखाद्या मोठ्या प्रश्नावरचे मतही असते. मोजणीच्या टेबलावर हे सारे एकच मत म्हणून मोजले जाते. मग विजयी पक्ष त्या मताचा आपल्याला हवा तो अर्थ लावतो. १९६३ पासून १९६७ पर्यंतच्या चार वर्षांत गोव्याने या प्रश्नाचा जो अनुभव घेतला, तसा अनुभव भारतातील दुसऱ्या कोणत्याही विधानसभेच्या वाट्याला आलेला नाही, म्हणून तो पुन्हा उकलून पाहण्याजोगा आहे.

मतदान ही गोष्ट गोव्याला अगदीच अपरिचित होती असे नाही. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवटीचे वारे वाहू लागल्यावर लिस्बनच्या संसदेवर गोव्यातून प्रतिनिधी पाठवण्यात आले. १८२२ साली निवडून गेलेल्या तिघांत बर्नार्द पेरिश द सिल्व होते. परंतु मताचा हा अधिकार कर आणि साक्षरता अशा अटींनी बांधलेला होता. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, खाजन शेतीत राबणारा कूळ, रांपण ओढणारा रांपणकार यांचा त्या व्यवहाराशी संबंध नव्हता. १९१० नंतर पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना समान नागरिकत्व दिले खरे, पण पुढे सालाझारशाहीत निवडणूक या शब्दाला फारसा अर्थ उरला नाही. सबब १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा बहुसंख्य गोमंतकीयांनी आयुष्यात एकदाही मत दिलेले नव्हते.

१९६२ च्या पंचायत निवडणुकांनी सर्वांच्या हाती मत आले. १९६३ च्या कायद्याने संघप्रदेशांना विधानसभा मिळाल्या, आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीव या प्रदेशाची पहिली विधानसभा निवडण्यासाठी लोक रांगा लावून उभे राहिले. जागा तीस होत्या; त्यांतील अठ्ठावीस गोव्याच्या, एक दमणची व एक दीवची. आज ऐंशी ओलांडलेल्या श्रोत्यांपैकी काहींना तो दिवस आठवत असेल. ज्याच्या ओसरीवर बसण्याचीही मुभा नव्हती त्या भाटकाराच्या बरोबरीने रांगेत उभे राहून त्याच्याइतकेच वजनाचे मत देणे, या अनुभवाचे मोल आकड्यांत सांगता येत नाही. त्या निवडणुकीचा जो काही अर्थ लावायचा तो या गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

निकाल दिल्लीला अनपेक्षित होता. गोवा मुक्त करणाऱ्या सरकारच्या पक्षाला, म्हणजे काँग्रेसला, गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दमणची तेवढी एक पदरात पडली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे चौदा, युनायटेड गोवन्स पक्षाचे बारा आणि तीन अपक्ष, असे विधानसभेचे चित्र तयार झाले. इतर दोघांच्या साह्याने मगो पक्षाने सोळाचा आकडा गाठला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब स्वतः त्या सार्वत्रिक निवडणुकीला उभेही नव्हते. नंतर पोटनिवडणुकीत मडकईतून ते सभागृहात आले. खाणमालक असूनही बहुजन समाजाला ते आपले वाटले, हे त्यांच्या माणसे जोडण्याच्या हातोटीचे लक्षण होते.

काँग्रेसला मते अगदीच पडली नाहीत असे नाही. तिची मते साऱ्या प्रदेशभर थोडी थोडी विखुरली होती, आणि ज्याला एका मतदारसंघात सर्वांत अधिक मते तो विजयी, या आपल्या पद्धतीत विखुरलेल्या मतांना किंमत नसते. उलट मगो पक्षाची मते पेडणे, डिचोली, फोंडा अशा तालुक्यांत आणि युनायटेड गोवन्सची सासष्टीत एकवटलेली होती. मगो पक्षाला एकूण मतांच्या निम्मीही मते नव्हती. तरीही सत्ता त्याला मिळाली, आणि नियमाप्रमाणे ती योग्यच मिळाली. प्रश्न उद्भवतो तो यापुढे.

मगो पक्षाच्या जाहीरनाम्यात गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे प्रमुख कलम होते. त्यामुळे पक्षाच्या नेत्यांनी असे अनुमान काढले की, आपण जिंकलो त्याअर्थी विलीनीकरण जिंकले. विधानसभेने १९६५ साली तसा ठराव केला आणि महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याला दुजोरा दिला. वरवर पाहता या तर्कात खोट नाही. परंतु सिंहाच्या चिन्हावर शिक्का मारणाऱ्या कुळाच्या मनात काय होते, याचा विचार केला की तो तर्क डळमळू लागतो. त्याला बेदखल होण्याचे भय संपवायचे होते. त्याला आपल्या मुलासाठी गावात शाळा हवी होती. ती शाळा मराठी असणार होती, कारण देवळातले कीर्तन, भजन, पोथी आणि दशावतार हे सारे त्याने मराठीत ऐकले होते; घरी कोकणी बोलणाऱ्या या माणसाला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. बांदोडकर सरकारने त्याची निराशा केली नाही. १९६४ चा कूळकायदा आला, खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. म्हणजे मतदाराने जे मागितले ते त्याला निवडून दिलेल्या सरकारकडून मिळत होते. त्याने त्याच शिक्क्याने विलीनीकरणही मागितले होते की नाही, हे मात्र त्या शिक्क्यावरून सिद्ध होत नव्हते.

विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा यांनी हाच मुद्दा धरला. गोव्याचे अस्तित्व राहणार की नाही हा प्रश्न आमदारांच्या बहुमताने सोडवण्याचा नव्हे. तो प्रत्येक मतदाराला स्वतंत्रपणे विचारला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मराठी वाचकवर्गात डॉ. सिक्वेरांचे नाव दीर्घकाळ काहीशा कटुतेने घेतले गेले. ते स्वाभाविक असले तरी न्याय्य नाही. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, सभागृहातील बहुमत आणि प्रदेशातील जनमत या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्यांनी ओळखले होते, आणि ते दिल्लीच्या गळी उतरवण्याची चिकाटीही त्यांच्याजवळ होती. भाऊसाहेबांचा मोठेपणा असा की आपला मार्ग विधानसभेतून सरळ जात असतानाही त्यांनी जनमताचे आव्हान स्वीकारले. निःपक्षपाती वातावरणासाठी मंत्रिमंडळाने पायउतार व्हावे ही मागणीही त्यांनी मान्य केली. डिसेंबर १९६६ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या हाती सत्ता असताना ती सोडून अशा परीक्षेला बसणारे मुख्यमंत्री आपल्या इतिहासात फार नाहीत.

त्याच महिन्यात संसदेने जनमत कौलाचा कायदा संमत केला आणि १६ जानेवारी १९६७ हा दिवस ठरला. मतपत्रिकेवर उमेदवार नव्हते, पक्ष नव्हते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून राहायचे असेल तर दोन पाने. दमण आणि दीवच्या मतदारांपुढे महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता. देवळातल्या कौलासारखाच एक प्रश्न आणि दोन उत्तरे. चिन्हेही योगायोगाने फूल आणि पान! पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या गोमंतकीयांनाही मत असावे ही सिक्वेरा यांच्या पक्षाची मागणी मात्र नाकारली गेली.

त्या महिनाभरात जो वाद झाला त्याची भाषा मराठी होती, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विलीनीकरणाची बाजू ‘गोमन्तक’ दैनिकातून बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली मांडली जात होती. सातोस्कर हे ग्रंथालयशास्त्राचेही जाणकार, त्यामुळे ग्रंथालयाच्या शताब्दी अंकात त्यांचे स्मरण सहजच उचित ठरते. दुसरी बाजू मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने लढवली. चंद्रकांत केणी यांचे संपादन आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर यांनी हिंदू मतदारांच्या एका वर्गाचे मन वळवले असे सर्वच पक्षांचे जाणकार मान्य करतात. कोकणीचे कैवारी आपले म्हणणे मराठीत मांडत होते आणि मराठी वाचक ते वाचून विलीनीकरणाविरुद्ध मत देत होते. तेव्हा त्या कौलाकडे मराठीचा पराभव म्हणून पाहणे हे अर्धवट वाचन होय. गोमंतकातील वाचनालयांच्या मेजांवर ही दोन्ही वृत्तपत्रे शेजारी शेजारी असत आणि दोन्हींभोवती वाचकांची गर्दी असे, एवढी एकच गोष्ट मराठीच्या येथील मुळांविषयी पुष्कळ सांगते.

मतदान झाले ते विक्रमी. गोव्यातील सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांहून अधिक लोकांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा संघप्रदेश राहिला.

येथे मतमोजणीच्या पद्धतीचा विचार जरा सावकाश केला पाहिजे. जनमत कौलात साऱ्या गोव्याची मते एकाच राशीत पडली. सासष्टीतील मतदारांनी दोन पानांना भरभरून दिलेले प्रत्येक मत त्या राशीत मोजले गेले. विधानसभेच्या निवडणुकीत तसे होत नाही. समजा, एका मतदारसंघात एका पक्षाला नऊ हजार आणि प्रतिपक्षाला एक हजार मते पडली, आणि शेजारच्या दोन मतदारसंघांत प्रतिपक्षाने साडेपाच हजार विरुद्ध साडेचार हजार अशी बाजी मारली. मते पहिल्या पक्षाची अठरा हजार, दुसऱ्याची बारा हजार. जागा मात्र पहिल्याची एक आणि दुसऱ्याच्या दोन. पहिल्या पक्षाने आपल्या बालेकिल्ल्यात मिळवलेली जादा मते सभागृहाच्या दाराशीच अडून राहतात. गोव्याच्या बाबतीत फरक इतका टोकाचा नव्हता, पण दिशा हीच होती. सासष्टीच्या एकगठ्ठा मतांना विधानसभेत जितके बळ मिळे त्याहून कितीतरी अधिक बळ जनमत कौलात मिळाले. दोन्ही मोजण्या प्रामाणिक होत्या, फक्त मापे निरनिराळी होती.

पण सारे काही मापावर ढकलता येत नाही. कौलानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. आपले मुख्य उद्दिष्ट गमावलेला पक्ष कोसळेल असा अनेकांचा होरा होता. झाले उलटेच. मगो पक्षाला सोळा जागा मिळाल्या, म्हणजे १९६३ पेक्षा दोन अधिक, आणि या वेळी कोणाच्या टेकूची गरज उरली नाही. युनायटेड गोवन्स बारावरच राहिला. जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांपैकी काही हातांनी मार्चमध्ये सिंहावर शिक्का मारला असला पाहिजे. ज्यांना हा मतदाराचा गोंधळ वाटला त्यांनी मतदाराला ओळखले नव्हते. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन वेगळी उत्तरे दिली. गोवा राहावा असे त्याला वाटत होते, आणि त्या गोव्याचे राज्य भाऊसाहेबांनी करावे असेही वाटत होते. एकदाही मत न दिलेला हा समाज. पंचायतीपासून मोजले तरी पुरती पाच वर्षेही त्याच्या हाती मत आले नव्हते. तरी इतका बारकावा त्याने दाखवला!

१९७२ मध्ये मगो पक्षाच्या जागा अठरावर गेल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना घराचे संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक करणारी १९७६ ची कूळकायद्यातील दुरुस्ती त्यांच्या कारकीर्दीतली. १९७७ साली तीसपैकी पंधरा जागा मिळवून त्या पुन्हा सत्तेवर आल्या, पण हे काठावरचे बहुमत होते. एप्रिल १९७९ मध्ये तीन आमदारांनी साथ सोडताच सरकार कोसळले. मतदारांना काहीही न विचारता सरकार बदलू शकते, हे तेव्हा ठळकपणे दिसले, आणि पुढील काळात गोव्याने ते इतक्या वेळा पाहिले की त्यातील नवल संपले.

याचे एक कारण मतदारसंघांच्या आकारात आहे. १९६७ च्या मतदारसंख्येला अठ्ठावीसने भागले तर एका आमदारामागे चौदा हजारांच्या आत मतदार येतात. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि १९८९ च्या निवडणुकीपासून जागा चाळीस झाल्या. २०२२ मध्ये मतदार सुमारे साडेअकरा लाख होते, म्हणजे सरासरी एकोणतीस हजार. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मतदारसंघात यांसारखे कित्येक मतदारसंघ मावतील. एवढ्या लहान जागी उमेदवार प्रत्येक वाड्यावर स्वतः पोचतो, लग्नाकार्यांना, जत्रांना आणि फेस्तांना हजेरी लावतो. मत पक्षाला कमी आणि माणसाला अधिक पडते. हे लोकशाहीला पोषकच आहे. प्रतिनिधी ओळखीचा असावा हे कोणाला नको असेल? पण निवडून आल्यावर तोच प्रतिनिधी म्हणू लागतो की मते माझी होती, पक्षाची नव्हती, सबब पक्ष बदलण्याचा अधिकारही माझा. एकदा हे मान्य केले की मग जाहीरनामा हा छापखान्याचा खर्च तेवढा उरतो.

पक्षांतराला आवर घालण्यासाठी १९८५ ची घटनादुरुस्ती आली. तीत एकतृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती, आणि नव्वदच्या दशकात गोव्यात सरकारे एकामागून एक पडली ती या दशकात कायदा लागू असतानाच. २००३ च्या दुरुस्तीने फुटीची सवलत काढली, दोनतृतीयांश सदस्यांनी मान्य केलेल्या विलीनीकरणाची ठेवली. मोठ्या विधानसभेत दोनतृतीयांश म्हणजे पाच-पन्नास माणसे जमवावी लागतात. गोव्यात मार्च २०१९ मध्ये मगो पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भारतीय जनता पक्षात गेले आणि ते दोघे म्हणजेच दोनतृतीयांश झाले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले; सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ. प्रत्येक वेळी संख्या नेमकी तेवढीच, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. ‘विलीनीकरण’ हा शब्द ज्या गोव्यात एकेकाळी तीन लाखांहून अधिक लोकांना मतपेटीपाशी घेऊन आला, त्याच गोव्यात तो पुढे आठ-दहा सह्यांच्या कागदापुरता उरला.

मतदानाची यंत्रे सुधारण्यात गोवा मागे राहिला नाही. १९९९ च्या निवडणुकीत सर्व मतदारसंघांत मतदान यंत्रे आली, २०१७ मध्ये मत कोणाला गेले हे कागदाच्या चिठ्ठीवर दाखवणारी जोडयंत्रेही सर्वत्र बसली. मोजणी जलद आणि निर्दोष झाली, पण काय मोजायचे तो नियम मात्र १९६३ चाच राहिला. २०२२ चा निकाल त्या दृष्टीने पाहावा. भारतीय जनता पक्षाला सुमारे ३३ टक्के मते आणि वीस जागा, म्हणजे एकतृतीयांश मतांवर अर्धे सभागृह. रेव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाला नऊ टक्क्यांहून अधिक मते आणि जागा एक, तीही सांत आंद्रेत अवघ्या ७६ मतांनी. गोवा फॉरवर्ड पक्षाला दोन टक्क्यांपेक्षा कमी मते, पण जागा त्यालाही एकच. तृणमूल काँग्रेसला पाच टक्क्यांवर मते मिळून जागा एकही नाही.

मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात ही सूचना नवी नाही. घटना समितीत ती मांडली गेली होती आणि डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला होता. ही पद्धत साक्षर मतदार गृहीत धरते आणि तिने सभागृहाचे तुकडे होऊन सरकारे अस्थिर होतात, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी ते बिनतोड होते. गोव्यात आता साक्षरता देशात अग्रक्रमाची आहे, आणि प्रचलित पद्धतीनेही स्थैर्य दिलेले नाही; तेव्हा निदान या लहान राज्यापुरता तरी तो विषय पुन्हा चर्चेला घेण्यास हरकत नसावी. मात्र अशी पद्धत आली तर पक्षांच्या याद्यांना महत्त्व येईल आणि वाड्यावर येऊन विचारपूस करणारा ओळखीचा आमदार दुरावेल, हेही लक्षात ठेवले पाहिजे. गोमंतकीय मतदार ही किंमत मोजायला तयार होईल असे वाटत नाही.

१९६३ मध्ये चौदा जागा घेऊन ज्याने गोव्याचे पहिले लोकनियुक्त सरकार बनवले, त्या मगो पक्षाला २०२२ मध्ये दोन जागा मिळाल्या. निवडणूक त्याने तृणमूल काँग्रेसशी युती करून लढवली होती, आणि निकालानंतर पाठिंबा दिला तो भारतीय जनता पक्षाच्या सरकारला. त्या दोन आमदारांपैकी एक मंत्री झाले. ते निवडून आले होते मडकईतून.